थंड पावसातली ॲमस्टरडॅम मॅरेथॉन: आधीचा एक तास, नंतरचा अर्धा तास

पुण्यामुंबईचं कोणी ऑक्टोबरमधे इकडे मॅरेथॉन पळायला येणार असलं की मी हवामानाचा विषय काढते आणि हमखास एकच उत्तर येतं, "पावसाचं काय एवढं, आम्ही अख्खा जुलै सिंहगडाच्या पायथ्याशी भिजतच पळतो की." पहिल्या वर्षी मीपण हेच म्हणत होते. मी मूळची सांगलीची, नोकरीची काही वर्षं पुण्यात गेली, आता सहा वर्षं झाली ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवीनला आहे, आणि ही मॅरेथॉन तीनदा पळालेय, त्यातल्या दोनदा धो धो नाही पण सतत, न थांबणारा, बारीक बोचरा पाऊस होता.

पुण्याचा जुलैचा पाऊस बावीस-चोवीस डिग्रीचा असतो, त्यात भिजलं की उलट बरं वाटतं. इथे ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठ-दहा डिग्री असतात, कधी त्याहून कमी, वर वारा. पाणी अंगातली उष्णता कोरड्या हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने खेचून घेतं, त्यामुळे ओला टीशर्ट अंगाला चिकटला आणि वारा लागला की दहा डिग्रीसुद्धा फ्रीजमधे उभं केल्यासारखे वाटतात. पण गंमत अशी की पळत असताना हे जाणवतच नाही! पळताना शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं आणि आठ-दहा डिग्री तर मॅरेथॉनला खरंच मस्त, मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनपेक्षा कितीतरी सोपं. थंडी गाठते ती तीन जागी, स्टार्टच्या आधी रांगेत उभं असताना, मधे कुठेतरी दमून चालायला लागलात की, आणि फिनिशनंतर. या लेखातलं बहुतेक सगळं त्या तीन जागांबद्दलच आहे, पळण्याबद्दल तसं कमीच आहे.

रूट आणि वारा

स्टार्ट आणि फिनिश ऑलिम्पिक स्टेडियमला, म्हणजे १९२८ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं तेच, ज्या ऑलिम्पिकमधे भारताने हॉकीचं पहिलं गोल्ड घेतलं. मी पळाले तेव्हा सुरुवातीलाच वोंडेलपार्क, मग राइक्सम्युझियमच्या खालच्या बोगद्यातून, थोडं शहरात फिरून साधारण तेरा-चौदा किलोमीटरनंतर ॲमस्टल नदीला लागायचं, नदीच्या एका काठाने औडरकर्क गावापर्यंत जायचं, पूल ओलांडून दुसऱ्या काठाने परत, मग शहराच्या पूर्वेचा ऑफिसं-गोडाऊनवाला कंटाळवाणा भाग, आणि शेवटी परत वोंडेलपार्कमधून स्टेडियम. रूटमधे बदल होत असतात, त्यामुळे आपल्या वर्षीचा नकाशा बघाच.

सपाट म्हणजे किती सपाट, तर चढ म्हणून जे काही आहे ते कालव्यांवरचे पूल आणि एखाददुसरा अंडरपास. इथियोपियाचा तमिरात तोला २०२१ ला इथे २:०३:३९ पळाला होता. पण सपाट रूटचा एक त्रास कोणी सांगत नाही. चढउतारावर निदान मसल आलटूनपालटून दमतात, इथे पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तेच मसल, तोच कोन, तीच लांबी, त्यामुळे तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्या आणि मांडीची मागची बाजू अशी धरते की वाटतं एखादा चढ आला असता तर बरं झालं असतं.

नदीकाठचा पट्टा दिसायला सुंदर आहे, पवनचक्की, गाई, नदीत बोटींवर वाजवणारी मंडळी, सगळं आहे, पण उघडा आहे. आडोसा नाही. नेदरलँड्समधे वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो आणि औडरकर्कला जाताना तोंड दक्षिणेकडे असतं, म्हणजे जाताना वारा छातीवर आणि येताना पाठीवर. आदल्या रात्री वाऱ्याची दिशा बघून ठेवा, पेसचं, म्हणजे एका किलोमीटरला किती वेळ घ्यायचा त्याचं, गणित त्यावर ठरतं, ते पुढे येईलच.

पावसाळ्यातलं ट्रेनिंग

सोळा-अठरा आठवड्यांचा प्लॅन धरला तर ट्रेनिंग जूनच्या मध्याला सुरू होतं, म्हणजे पूर्ण पावसाळा. हे वरदान आहे, ट्रेडमिलवर वाया घालवू नका. ओल्या बुटात तीस किलोमीटर पळाल्यावर पाय कुठे घासतो, कुठला मोजा गोळा होतो, कुठली चड्डी काचते, हे पुण्याच्या पावसातच कळून जातं. ऐन शर्यतीत कळण्यापेक्षा बरं.

फक्त दोन गोष्टी मुद्दाम करा. एक, दर दोन आठवड्यांनी निदान एक लाँग रन पूर्ण सपाट रस्त्यावर करा, कारण पुण्यात कुठेही गेलं तरी चढउतार मधे येतोच आणि त्याची सवय लागून जाते. मुंबईकरांची यात मजा आहे, जुलैतला मरीन ड्राइव्ह म्हणजे सपाट, ओला आणि समुद्राकडून येणारा वारा, फक्त थंडी नाही, बाकी सगळा ॲमस्टलच. दुसरी, लाँग रनचे शेवटचे सात-आठ किलोमीटर ठरवलेल्या रेस पेसने पळा, न थांबता, सिग्नलला जागच्याजागी उड्या मारत का होईना. सपाट रूटवर एकाच तालात खेचत राहणं हीच खरी कसोटी असते.

थंडीची प्रॅक्टिस तिकडून करता येत नाही, ती सोडून द्या. शक्य असेल तर बुधवार-गुरुवारपर्यंत इकडे पोचा आणि दोन दिवस सकाळी अर्धा तास हलकं पळून बघा, मुख्य म्हणजे जे घालून शर्यत पळणार तेच घालून. वेळेचा फरक आपल्या बाजूने आहे, त्या आठवड्यात इथे भारताच्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे सकाळी नऊची स्टार्ट आपल्या शरीराला दुपारचे साडेबारा वाटतात. पहाटे उठायचा प्रॉब्लेमच नाही, आपोआप चारला डोळे उघडतात.

कपडे

सुती काहीही नको. सुती टीशर्ट पाणी धरून ठेवतो, जड होतो, लोंबतो आणि छातीवर इतका घासतो की टीशर्टवर रक्ताचे दोन ठिपके घेऊन येणारे पुरुष दरवर्षी दिसतात. अंगाबरोबर बसणारं सिंथेटिक किंवा पातळ मेरिनो लोकर, बस.

माझा हिशोब असा. दहाच्या वर असेल आणि पाऊस असेल तर बिनबाह्यांचा टॉप, वर आर्म स्लीव्ह्ज, कारण स्लीव्ह्ज खाली ओढता येतात, काढून कमरेला खोचता येतात. पाच ते दहा आणि पाऊस असेल तर पातळ घट्ट फुल बाह्यांचा टॉप, त्यावर काही नाही. पाचच्या खाली किंवा वारा फारच असेल तर मुठीत मावणारं पातळ विंडचीटर, पुढून चेन असलेलं. पूर्ण वॉटरप्रूफ रेनकोट घालून पळू नका हो, आतल्या घामानेच भिजता, वर तो फडफडत राहतो. खाली शॉर्ट्स पुरतात, पाय फारसे गारठत नाहीत, उलट ओली फुल टाइट्स खाली घसरत राहते. पण गुडघे कुरकुरत असतील तर थ्री-फोर्थ घाला, यात शहाणपणा शिकवायला कोणी येणार नाही.

डोक्याला पुढे चोच असलेली टोपी पाहिजेच. चोच डोळ्यात जाणारा पाऊस अडवते आणि चष्मा असेल तर टोपीशिवाय काही दिसतच नाही. मला साडेतीनचा नंबर आहे, पहिल्या वर्षी टोपी नव्हती, पंचविसाव्या किलोमीटरनंतर मी पुढच्याच्या लाल शॉर्ट्सच्या मागे मागे पळत होते, रस्ता असा दिसतच नव्हता!

व्हॅसलीन भरपूर, काखेत, मांड्यांच्या आत, स्पोर्ट्स ब्राच्या पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात. ओल्यात घासणं कोरड्यापेक्षा लवकर सुरू होतं म्हणून नेहमीच्या दुप्पट. माझी आई खोबरेल तेल पाठवते, ते इथल्या ऑक्टोबरमधे दगडासारखं थिजलेलं असतं, खरवडून लावलं तर तेही चालतं, पण अंगावर वितळून लवकर उतरतं. व्हॅसलीनच बरं.

हातांचं मात्र नीट वाचा

याला वेगळी जागा देतेय कारण माझी पहिली मॅरेथॉन हातांनी खाल्ली. लोकरीचे हातमोजे घातले होते, दहा किलोमीटरात ते ओल्या फडक्यासारखे झाले, काढून टाकले. अठराव्या किलोमीटरला नदीकाठी जेल, म्हणजे पळताना ताकदीसाठी खायच्या साखरेच्या चिकाचं पाकीट, काढायला गेले तर बोटं माझी नाहीतच असं वाटलं. चेन धरता येईना. चेन उघडली तर पाकीट फाटेना. दातांनी ओढलं तर ओठही बधिर, दात पाकिटावरून घसरतायत, शेवटी एका बाजूने फुटलं आणि अर्धं जेल हनुवटीवर. ते थंडीने पेढ्याच्या खव्यासारखं घट्ट झालं होतं. पुढचे दोन जेल मी काढलेच नाहीत आणि तेहतिसाव्या किलोमीटरला जे व्हायचं ते झालं, ताकद संपली.

तर उपाय. पातळ सिंथेटिक हातमोजे आणि त्यावर डॉक्टर वापरतात तसे डिस्पोजेबल हातमोजे, एक साइझ मोठे. दिसायला भयंकर, पण वारा आणि पाणी दोन्ही थांबतं. आतून घामाने ओलसर होतात पण गरम राहतात. शिवाय एक कोरडी जोडी झिपवाल्या पिशवीत घालून खिशात, अर्ध्या अंतराला बदलायला.

जेलचं असं की पाकिटाच्या तोंडाला घरीच कात्रीने अगदी बारीक चीर द्या, आरपार नाही, फक्त फाटायला सुरुवात मिळेल एवढी. त्याहून सोपं म्हणजे सगळे जेल आदल्या रात्री एका मऊ फ्लास्कमधे पिळायचे, थोडं कोमट पाणी घालून हलवायचं आणि घोट घोट घ्यायचं, फाडाफाडीच नको. मी आता हेच करते. फ्लास्क पोटाजवळच्या पट्ट्यात ठेवला की अंगाच्या गर्मीने पातळ राहतो. आपल्याकडचे बरेच जण खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू घेऊन पळतात, कोरड्यात ठीक आहे, पण इथे चिक्की थंडीत दाताला लागते आणि राजगिऱ्याच्या लाडवाची पावसात खिशात लापशी होते, अनुभव आहे. खजूर तेवढा टिकतो, बी काढून न्या.

बूट

नवीन बूट नकोत हे सगळ्यांना माहीत आहे. जे माहीत नसतं ते तळव्याचं. कार्बन प्लेटवाल्या काही बुटांचा तळ फोमचा उघडा असतो, ओल्या डांबरावर चालतो पण ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर, झाकणांवर आणि ट्रॅमच्या रुळांवर साबणावरून पळल्यासारखं होतं. ॲमस्टरडॅममधे ट्रॅमचे रूळ जागोजागी. रूळ तिरका ओलांडायचा नाही, शक्य तितका काटकोनात, पाऊल रुळावर न ठेवता पलीकडे, आणि वळणावर पाऊल लहान. वोंडेलपार्कमधे शेवटी ओली पानं असतात, चाळिसाव्या किलोमीटरला पाय उचलायची ताकद नसते तेव्हा ती पानं जास्त घसरतात, तिथे रस्त्याच्या मधोमध राहा.

मोजे पातळ सिंथेटिक. जाड मोजे पाणी धरतात.

आदला दिवस

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणि सामान आदल्या दिवशीच आणून ठेवा आणि मग पाय वर करून बसा, म्युझियमं सोमवारी बघा. जेवण नेहमीचं, आमच्याकडे भात, मुगाची आमटी, बटाट्याची भाजी, तिखट कमी. इथे इंडियन ग्रोसरी ॲमस्टलवीनमधे हवी तेवढी मिळते, काळजी नको.

एक खरेदी मात्र शनिवारच्या आत करा. इथे क्रिंगलोप म्हणून जुन्या वस्तूंची दुकानं असतात, तिथून थोड्या पैशात एक जाडजूड स्वेटर किंवा पुढून चेन असलेलं जॅकेट आणि एक ढगळ पँट घ्या. हे स्टार्टला फेकायचे कपडे. डोक्यावरून काढायचा स्वेटर नको, बिब आणि टोपी दोन्ही घेऊन निघतो. त्याच्यावर घालायला कचऱ्याची मोठी पिशवी, डोक्याला आणि हातांना भोकं पाडून. बुटांसाठी दोन ब्रेडच्या पिशव्या आणि दोन रबर बँड. हसू नका.

मग बॅगड्रॉपची पिशवी, म्हणजे पळायच्या आधी जमा करायची आणि नंतर परत घ्यायची ती, भरा, आणि उलट्या क्रमाने भरा, म्हणजे जे आधी लागणार ते सगळ्यात वर. सगळ्यात वर पंचा. टॉवेल नको, पंचा, पटकन अंग कोरडं करतो आणि घडी एवढीशी. त्याखाली कोरडा बनियन किंवा थर्मल, मग स्वेटर, मग माकडटोपी. हो, आजोबांची असते तीच, कान-मान-गाल एकदम झाकणारी दुसरी टोपी अजून कोणी काढलेली नाही. मग सैल पायजमा, जाड मोजे आणि बिनलेसच्या चपला, कारण फिनिशनंतर वाकून लेस बांधता येत नाही. थर्मासमधे आल्याचा चहा, साखर नेहमीपेक्षा जास्त. सगळं आधी एका प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग बॅगेत, पाऊस कुठूनही शिरतो.

सकाळ आणि स्टार्ट

सहाला उठून खाऊन घ्या, मी गूळ-तूप-पोळी दोन आणि चहा, तीन तास आधी. तुमचं जे ठरलेलं असेल ते, प्रयोग नको. बाउएनराडार नावाचं इथलं पावसाचं ॲप आहे, पुढच्या दोन तासात पाऊस कधी येणार ते सांगतं, इथली माणसं सायकल काढायच्या आधी ते बघतात, तुम्हीपण बघा. पाऊस नाही दिसला म्हणून पिशवी घरी ठेवू नका.

त्या दिवसात सूर्य सव्वाआठच्या आसपास उगवतो, म्हणजे निघताना मिट्ट काळोख असतो. स्टेडियमला मेट्रोने किंवा ट्रॅमने जा, गर्दी असते पण चालतं. टॉयलेटची रांग दोनदा लावावी लागेल असं धरूनच निघा, थंडीत शरीर जास्त पाणी बाहेर टाकतं, घाबरल्यामुळे लागते ती वेगळीच.

आता इथे पहिली कसोटी. बॅग दिली की अंगावर फक्त फेकायचे कपडे, आणि स्टार्टच्या कंपार्टमेंटमधे तीस-चाळीस मिनिटं सहज जातात. त्या वेळात बूट कोरडे राहिले पाहिजेत, म्हणून त्या ब्रेडच्या पिशव्या, स्टार्टच्या दोन मिनिटं आधी काढायच्या. उभं असताना उड्या मारत बसू नका, जागच्याजागी गुडघे हलवत राहा, हात काखेत. स्वेटर गन वाजल्यावर लगेच फेकायची गरज नाही, हळूहळू पुढे सरकत लाइनपर्यंत पोचायला वेळ लागतो. मी कचऱ्याची पिशवी पहिला एक किलोमीटर ठेवते आणि मग बाजूला कचरापेटी बघून टाकते, रस्त्याच्या मधे टाकलेल्या पिशवीवर मागचा घसरतो.

स्टार्टच्या आधी घड्याळाची टचस्क्रीन लॉक करा. पावसाचे थेंब स्क्रीन दाबतात आणि घड्याळ आपोआप पॉज होतं, आमच्या ग्रुपमधे एकाची मॅरेथॉन स्ट्राव्हा ॲपवर सतरा किलोमीटरची आहे.

पळताना

पहिले तीन किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू. मसल थंड असतात, रस्ता ओला, गर्दी, रूळ, वळणं. सपाट रूटवर हीच सगळ्यात मोठी फसवणूक असते, दम लागत नाही म्हणून माणूस सुटतो.

गणित बघा. साडेचार तासात संपवायचं तर ४२.१९५ किलोमीटरला ६:२४ चा पेस येतो. पण घड्याळात अंतर नेहमी जास्त दिसतं, वळणं बाहेरून घेतल्यामुळे, बोगद्यात सिग्नल गेल्यामुळे, ४२.६ सहज होतात, मग घड्याळात ६:२० दिसला पाहिजे. घड्याळाच्या किलोमीटरपेक्षा रस्त्यावरचे बोर्ड बघा आणि दर पाच किलोमीटरला एकूण वेळ ताडून बघा. मी बिबच्या मागे पेनाने लिहिलं होतं, पावसात सगळं फराटलं, आता हातावर परमनंट मार्करने लिहिते.

नदीकाठी वारा समोरून असेल तर पेस सोडून द्या, ताकद तेवढीच ठेवा. किलोमीटरला पाच-दहा सेकंद गेले तर जाऊ द्या, परतीच्या काठावर वारा पाठीवर येतो तेव्हा त्यातले काही मिळतात, सगळे नाही. एकटं पळू नका. आपल्या वेगाचा पाच-सहा जणांचा घोळका बघून त्यांच्या मागे चिकटा, आणि मधे मधे आपणही पुढे जा, सतत मागे लपणारा माणूस लक्षात राहतो. घोळका पाच सेकंद हळू असला तरी त्यात राहणं स्वस्त पडतं.

हवामान फारच वाईट असेल तर सकाळीच टारगेट बदला. २०१८ च्या बोस्टन मॅरेथॉनला असाच थंड मुसळधार पाऊस आणि समोरून वारा होता, भल्याभल्यांनी शर्यत सोडली, आणि जिंकला कोण तर सरकारी नोकरी सांभाळून पळणारा जपानचा युकी कावाउची, २:१५:५८ मधे. बायकांमधे अमेरिकेची डेस लिंडेन, २:३९:५४. बोस्टनच्या मानाने दोन्ही वेळा बऱ्याच हळू. जिथे अव्वल रनर्सची एवढी मिनिटं जातात तिथे आपली चार-पाच गेली तर रडायचं काय.

पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून काही जण काहीच पीत नाहीत, आणि काही जण मुंबईची सवय म्हणून प्रत्येक स्टॉलला दोन दोन ग्लास पितात. दुसरं जास्त धोक्याचं, घाम कमी आणि पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम उतरतं. दोन-चार घोट, बास. पण खाणं कमी करायचं नाही. दर तीस-पस्तीस मिनिटांनी एक जेल, तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम कार्ब्स मिळतील असं, भूक नसली तरी, कारण गारठलेलं शरीर साखर लवकर जाळतं. घड्याळात अलार्म लावा.

स्पंज देत असतील तर घेऊ नका. हे सांगायची गरज पडू नये, पण मी लोकांना आठ डिग्रीत स्पंज डोक्यावर पिळताना पाहिलंय, हात आपोआप पुढे जातो!

आता दुसरी जागा, चालायला लागणं. तीस-बत्तीसला दमून चालू लागलात की भट्टी विझते आणि पाच मिनिटात दात वाजायला लागतात. म्हणून चालायचंच असेल तर थोडं थोडं आणि आधीपासून, स्टॉलच्या लांबीएवढं चाला आणि परत हळू का होईना पळा. विंडचीटर आणलं असेल तर चालायच्या आधी चेन वर ओढा, गारठल्यावर नाही. आणि ही लक्षणं पाठ असू द्या: कुडकुडणं थांबतच नाही, बोलताना जीभ अडखळते, सरळ रेषेत पळता येत नाही, साधी बेरीज जमत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गारठलेले असतानाच कुडकुडणं अचानक थांबलं, तर ते बरं वाटणं नव्हे. समोर पहिला जो व्हॉलंटिअर किंवा फर्स्ट एडवाला दिसेल त्याच्याकडे जा. शेजारी कोणी असं दिसलं तर त्याला हाताला धरून न्या, तो स्वतः "आय ॲम फाइन" म्हणणारच. एक बँक कार्ड छोट्या पिशवीत खिशात ठेवा, मधेच सोडावं लागलं तर ट्रॅम-मेट्रोत कार्ड टॅप करून परत येता येतं.

फिनिशनंतर

पुण्याहून माझा मावसभाऊ आला होता, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला रनर. मस्त पळाला, स्टेडियमच्या ट्रॅकवर हात वर करून आला, मेडल घेतलं आणि मग तिथेच उभा राहिला. फोटो, व्हिडिओ कॉल, वहिनीला दाखव, पोरांना दाखव, "दादा थांब जरा कॅमेरा तिकडे कर." वीस-पंचवीस मिनिटं, ओल्या टीशर्टात. मी पोचले तेव्हा ओठ निळे आणि मेडलची रिबन सोडवता येत नव्हती त्याला. आधी मला वाटलं मस्करी करतोय. मग त्याला विचारलं बॅगेचा नंबर काय, तर तो विचार करत बसला, आणि बिबवर नंबर लिहिलेला होता. तेव्हा मात्र घाबरले. आडोशाला नेऊन ओलं सगळं काढलं, पंचाने पुसलं, माझा आणि त्याचा दोन्ही स्वेटर, माकडटोपी, वर फॉइलची चकचकीत चादर, आणि चहा घोट घोट पाजला. वीस मिनिटांनी माणसात आला आणि पहिलं वाक्य, "फोटो आले का नीट?"

थांबल्याबरोबर भट्टी बंद होते पण अंगावरचं पाणी उष्णता खेचतच राहतं, त्यामुळे फिनिशनंतर पाच-दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग एकदम खाली जातं. त्या दहा मिनिटात बॅगेपर्यंत पोचायचं. फॉइल मिळालं तर लगेच घ्या, पण ओल्या कपड्यांवरचं फॉइल फक्त वारा अडवतं, कोरडं करत नाही. चालत राहा, बसू नका. बॅग मिळाली की आधी वरचं, म्हणजे टीशर्ट काढा, पुसा, कोरडं घाला, टोपी, मग खालचं. लाज वाटून घेऊ नका, तिथे कोणी कोणाकडे बघत नसतं, बायकांना मोठा पोंचो उपयोगी पडतो, आत सगळं बदलता येतं. चहा, काहीतरी खारट-गोड, आणि मग फोटो. कोणी न्यायला येणार असेल तर भेटायची जागा आधी ठरवा, एखादं झाड, एखादा गेट नंबर, कारण ओल्या बोटांनी फोन चालत नाही.

घरी आल्यावर अंग पूर्ण गार असेल तर एकदम कढत पाण्याखाली उभं राहू नका, चक्कर येते. आधी पांघरूण आणि काहीतरी गरम पोटात, मी वरणभात खाते, मग कोमट अंघोळ. अंगावर पाणी पडलं की कुठे व्हॅसलीन कमी पडलं ते बरोबर कळतं.

बूट हीटरवर ठेवायचा मोह होईल, ठेवू नका, फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. आतला सोल बाहेर काढा, बुटात जुन्या पेपरचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, रात्री परत एकदा. सोमवारी संध्याकाळपर्यंत वाळतात, तोवर तुम्हाला जिने उलटे उतरावे लागत असतीलच.